एका खटक्याचं देणं



मला मिळालेली पाच मिनिटं मी एका जुन्या घड्याळाबद्दल बोलणार आहे, कारण त्यात आपल्या वर्गाचं एक देणं आहे.

घड्याळ माझ्या बाबांचं, एचएमटी जनता. बाबा कर्जतहून खोपोलीला कारखान्यात पाळीला जायचे. खोपोलीची गाडी चुकली तर काय होतं, हे पळसदरी, केळवली, डोळवलीहून शाळेत येणाऱ्यांना मी सांगायला नको!

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. आता सुटा भाग हवा असेल तर कुणाकडे उरलेला जुना साठा, नाहीतर दुसरं बंद घड्याळ.

बाबांच्या मागे घड्याळ माझ्याकडे आलं. चावी दिली की बोट सोडताच ती गर्रकन उलटी फिरायची. खोपोलीच्या बाजारातल्या घड्याळवाल्या काकांनी झाकण उघडून दाखवलं. आतल्या स्प्रिंगवर एक दातेरी चाक असतं. ते मागे फिरू नये म्हणून त्याच्या दातात एक खटका अडकतो, तांदळाच्या कणीएवढा. तोच नव्हता. बाकी १७ ज्वेलची सगळी मशीन ठणठणीत.

काका म्हणाले, "आख्खी मशीन बदलून देतो, सोपं पडेल." माझ्या कामातही आम्ही असंच करतो, जुनं नीट करण्यापेक्षा नवं बसवणं स्वस्त पडतं. पण मग डायल आणि पट्टा बाबांचा, आणि टिकटिक दुसऱ्याच कुणाची. मी नको म्हटलं. काकांच्या खणात तसंच एक घड्याळ होतं. कुणीतरी दुरुस्तीला टाकून कित्येक वर्षं न्यायला आलं नव्हतं. त्यातला खटका काढा म्हटलं, तर काकांनी मान हलवली. "गिऱ्हाइकाची वस्तू आहे, बाई. उद्या आला तर?"

मग मी आपल्याच वर्गात फोन सुरू केले. खालापूरच्या आपल्या एका मैत्रिणीकडे तिच्या वडिलांचं जनता निघालं. ते पडून बॅलन्सचा आस तुटला होता. तिने ते आणून दिलं. काकांनी तिला स्पष्ट सांगितलं, "याला कधी बॅलन्स मिळाला, तरी खटक्यावाचून हे चालायचं नाही." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन्ही बंद राहण्यापेक्षा एक तरी चालू दे."

माझं घड्याळ आता चालतं. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. दिवसात मिनिटभर पुढे जातं, ते मी रोज सकाळी चावी देताना मागे घेते.

ती मैत्रीण इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेऊ नकोस अशी तिची ताकीद आहे. तिच्या वडिलांच्या घड्याळाला आता बॅलन्स हवा आहे, आणि माझ्यामुळे खटकाही. म्हणून विनंती एवढीच, की घरी गेल्यावर कपाटाचे खण उघडून बघा. चावीचं बंद एचएमटी सापडलं तर भंगारात टाकू नका, जोर लावून चावीही देऊ नका. मला फोन करा. भाग जुळतो की नाही ते काका बघतील.