झाड उपटू नका, डोळा बदला
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संत्र्याची कलम म्हणून लावली आणि सहाव्या वर्षी फळ धरले तेव्हा ते संत्रे नाही, अशी वावरे वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत किती आहेत, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. कुठे फळ आंबट आणि बियांनी गच्च. कुठे डोळा केव्हाच मेला, खालचा जंबेरीचा खुंट फुटला आणि मालकाने त्यालाच पाणी घालून मोठे केले. कपाशीचे बियाणे फसले तर पुढच्या जूनमध्ये दुसरे पेरता येते. बगीच्यात फसवणूक कळायलाच पाच-सहा वर्षे लागतात. सहा मीटरवर लावलेली हेक्टरी 277 झाडे, त्यांचे पाणी, खत, फवारणी, राखण, सगळे तोवर जमिनीत गेलेले असते.

मग माणूस चिडतो आणि कुऱ्हाड काढतो. आम्ही म्हणतो, थांबा. त्या झाडात तुमचा पैसा कुठे आहे ते पाहा. तो फळात नाही, मुळात आहे. सहा वर्षांची मुळी आज विकत मिळत नाही. झाड उपटून नवी कलम लावली तर फळाला पुन्हा पाच-सहा वर्षे. तीच मुळी ठेवून वरचे झाड बदलले तर डोळा भरल्यापासून दोन-तीन वर्षांत फळ दिसते. यात जादू नाही. रोपवाटिकेत पेन्सिलीएवढ्या खुंटावर जे करतात, तेच मोठ्या झाडाच्या फांदीवर करायचे.

पण आधी झाड तपासा. खोडातून डिंक गळतो, बुंध्याची साल कुजली आहे, झाड वरून वाळत येते आहे, त्या झाडावर एक रुपयाही घालू नका. डिंक्या मुळाशी आणि बुंध्याशी असतो, वरचा डोळा बदलून तो जात नाही. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे रोग सगळ्या झाडात भिनलेले असतात. निरोगी डोळा अशा झाडावर बसवला तर तोही रोगी होतो. असे झाड काढलेलेच बरे.

निरोगी झाड असेल तर थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, मुख्य तीन-चार फांद्या खोडापासून हात-दीड हात राखून करवतीने कापा. आधी खालून थोडी चीर घ्या, मग वरून कापा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. एक फांदी मात्र पानांसकट राखा, जमल्यास नैऋत्येची. ती मुळांना अन्न पुरवते आणि दुपारच्या उन्हात खोडाला सावली देते. तिला दाई समजा. सगळेच मुंडण केले तर मुळी उपाशी मरते. कापावर बोर्डो मलम लावा : मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. उघड्या पडलेल्या खोडाला चुना फासा. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन सावलीत वाढलेली साल भाजून काढते.

पाण्याचे एक ध्यानात घ्या. पाने गेली की झाड पाणी कमी पिते. सवयीने पहिल्याइतके पाणी सोडले तर मुळी कुजते. ओल राहू द्या, पाणी साचू देऊ नका. आणि त्या वर्षी बहाराचा ताण देण्याचा विचारही नको.

महिना-दीड महिन्यात खुंटांवर फुटव्यांची झुंबड उडते. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या अंगाचे दोन-तीन जोमदार ठेवा, बाकी खुडा. पावसाचा जोर ओसरेपर्यंत ते पेन्सिलीएवढे होतात. चाकूच्या टोकाने साल अलगद सुटत असेल तेव्हा त्यांच्यावर डोळे भरा. काही जण जुन्या जाड फांदीच्या सालीतच डोळा घुसवतात. कसबी हाताला ते जमते, पण कोवळ्या फुटव्यावर डोळा लवकर धरतो आणि एक मेला तर शेजारी दुसरा भरता येतो. पद्धत नेहमीचीच. इंग्रजी टी अक्षरासारखा काप, त्यात ढालीसारखा काढलेला डोळा, वरून प्लॅस्टिकची पट्टी. पानाचा देठ डोळ्याशी ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ गळाला आणि डोळा हिरवा असला तर डोळा धरला. देठ वाळून चिकटून बसला तर मेला. चाकू आणि करवत झाडागणिक हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. एका रोगट झाडाचे पाते सगळ्या बगीच्यात फिरवू नका.

डोळा फुटला की काम संपले असे समजणारेच पुढे रडतात. खालून जुन्या जातीचे पाणसोट येतच राहतात, ते दर पंधरवड्याला खुडावे लागतात. दोन पावसाळे दुर्लक्ष केले तर जुने झाड परत उभे राहते आणि नवा डोळा त्याच्या सावलीत दबून मरतो. नवी फांदी जोडाशी नाजूक असते, वाऱ्याने कडकन निघते. तिला काठीचा आधार बांधा. नवा घेर सावरला की पुढच्या वर्षी दाई फांदी काढा.

जिथे जंबेरीचेच झाड झाले आहे तिथे काम सोपे. संत्र्याचा आणि मोसंबीचा खुंट म्हणून तीच तर आपण वापरतो.

उलट एक सौदा आम्हाला धोक्याचा वाटतो. उन्हाळ्यात लिंबाला भाव दिसला की काही जण संत्र्याच्या झाडावर कागदी लिंबाचे डोळे भरायला निघतात. जंबेरीवरचे संत्रे ट्रिस्टेझा अंगात असूनही वर्षानुवर्षे फळ देते, बाहेरून काही दिसत नाही. कागदी लिंबू मात्र तो रोग सोसत नाही. त्या झाडावर चढवलेले लिंबू खुरटते, आणि मग दोष डोळे भरणाऱ्याला.

सगळा बगीचा एकदम कापू नका. निम्म्या ओळी यंदा, निम्म्या पुढच्या साली. जे काही वाकडेतिकडे फळ निघते ते विकून घर चालते.

आता डोळकाडीचे. ती अशा झाडाची घ्या ज्याचे फळ तुम्ही स्वतः दोन-तीन बहार पाहिले आहे. डोळा म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. ब्राझीलमधल्या बाहियाच्या बिनबियांच्या संत्र्याची दोन झाडे 1873 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला गेली. त्यांच्या डोळ्यांवर तिथे बगीचेच्या बगीचे उभे राहिले. चांगली आई अशी पसरते, तशी वाईटही पसरते.

रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 चा कायदा आहे, परवाना आहे. परवान्याने आंबट फळ गोड होत नाही. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितले. कलमांची भरपाई मागायलाही तोच आधार घेता येतो, पण हातात कागद हवा. म्हणून यंदा कलमा घेताना पक्की पावती मागा. तीवर जात, खुंट, डोळकाडी कोणत्या मातृवृक्षाची आणि तारीख, एवढे लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून गाडी भरू नका.