ढालकिड्याचें नांव

जुन्नर तालुक्यांत नारायणगांवच्या आसपास द्राक्षाचे मळे आहेत आणि आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावर पावसाळी बटाटा होतो, हें पुण्यामुंबईच्या लोकांस ठाऊक असतें. कारण हीं द्राक्षें व हे बटाटे अखेर आपल्याच घरीं येतात. परंतु या दोन्ही पिकांच्या बऱ्यावाइटाशीं एका लहानशा किड्याच्या घराण्याचा संबंध आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. इंग्रजींत ज्याला लेडीबर्ड म्हणतात व मराठींत ज्याला ढालकिडा हें नांव रूढ झालें आहे, तें हें घराणें. पाठ ढालीसारखी फुगीर, बहुधा तिच्यावर ठिपके, आणि बोट लागलें कीं पाय आंत ओढून मेल्याचें सोंग! या किड्याविषयीं आज मी बोलणार आहें. पण त्याच्या रूपापेक्षां त्याच्या नांवाविषयीं अधिक.

नांवांत काय आहे, असें आपण सहज म्हणून जातों. शेतांत मात्र नांवांत पुष्कळ कांहीं असतें. बटाट्याच्या व वांग्याच्या पानांवर एक तांबूस, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा बसतो. तो व त्याच्या अळ्या पानांतील हिरवा गर खरवडून खातात आणि मागें शिरांची जाळी तेवढी ठेवतात. इ. स. १७७५ मध्यें फॅब्रिसियस या शास्त्रज्ञानें त्याला अठ्ठावीस ठिपक्यांचा या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. त्याच रोपावर दुसराहि एक ढालकिडा हिंडत असतो. तो पानाला तोंड लावीत नाहीं. पानांतील रस शोषणारा मावा हें त्याचें अन्न. फॅब्रिसियसनेंच १७८१ मध्यें त्याला सहा डागांचा म्हटलें. परंतु हे डाग पुष्कळदां एकमेकांत मिसळून नागमोडी काळे पट्टे होतात. म्हणजे ठिपके मोजून ओळख पटेलच असें नाहीं. या दोघांतील भेद निराळा आहे. पहिल्याच्या पाठीवर बारीक लव असल्यामुळें ती निस्तेज दिसते. दुसऱ्याची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते. पहिल्याची अळी पिवळसर व काटेरी. दुसऱ्याची सडपातळ व चपळ. एक शत्रु आहे, एक मित्र आहे. ज्याला ही ओळख नाहीं तो एकाच फवाऱ्यानें दोघांना मारतो, आणि मग मित्र नाहींसा झाल्यामुळें मावा पुन्हां वाढूं लागतो.

आतां शास्त्रांत एखाद्या नव्या जातीला नांव कसें देतात तें पाहूं. प्राण्यांना दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति लिनीयसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. पहिला शब्द आडनांवासारखा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. किडा नवा वाटला म्हणजे अभ्यासक प्रथम पूर्वी वर्णिलेल्या जातींशीं तो ताडून पाहतो. रंग व ठिपके यांवर तो विसंबत नाहीं, कारण एकाच जातींत ते बदलतात. तो किड्याचें पोट उघडून, सूक्ष्मदर्शकाखालीं नराची जननेंद्रियें तपासतो. त्यांची ठेवण एका जातींत बहुधा कायम असते. मग तो वर्णन लिहितो, आकृत्या काढतो व एक नमुना मूळ म्हणून निवडतो. तो कोठें, केव्हां व कोणीं पकडला याची चिठ्ठी त्याला टोंचून तो संग्रहालयांत ठेवला जातो. पुढें केव्हांहि वाद उत्पन्न झाला, तर शेवटचा साक्षीदार तो नमुना. जमिनीच्या व्यवहारांत मूळ दस्ताला जें महत्त्व, तेंच येथें त्याला.

हा नामकरणविधि जुन्नरच्या डोंगरांना अपरिचित नाहीं. शिवनेरीच्या कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडी या मांसल वनस्पतीचें वर्णन डॅल्झेल यानें एकोणिसाव्या शतकांत केलें, आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया असें नांव दिलें. पुढें अनेक शास्त्रज्ञांनीं तिला दुसऱ्या गटांत घातलें. नांव बदललें, पण तिची ओळख हरवली नाहीं, कारण मूळ वर्णन पक्कें होतें.

अशाच एका पक्क्या वर्णनाचा लाभ आपल्या द्राक्षमळ्यांना झाला आहे. द्राक्षावर पिठ्या ढेकूण पडतो. कापसासारख्या पांढऱ्या आवरणाखालीं तो रस शोषतो व घडांवर चिकट द्रव टाकतो. त्यावर काळी बुरशी चढली कीं माल बाजारांत नेण्याजोगा राहत नाहीं. आवरण मेणकट असल्यामुळें औषध त्याच्या अंगाला नीट लागत नाहीं. याचा वैरी म्हणजे क्रिप्टोलीमस माँट्रूझिएरी नांवाचा ढालकिडा. फ्रान्समधील लियों येथील ग्रंथपाल म्यूलसां यानें १८५३ मध्यें त्याचें वर्णन केलें, आणि दक्षिण प्रशांत महासागरांतील बेटांवर कीटक गोळा करणाऱ्या माँट्रूझिए या धर्मोपदेशकाचें नांव त्याला दिलें. ऑस्ट्रेलियांतील हा किडा १८९१-९२ मध्यें कॅलिफोर्नियांत आणि १८९८ मध्यें दक्षिण हिंदुस्थानांत आणला गेला. येथें तो कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठीं आणला होता. नांव कमावलें तें मात्र पिठ्या ढेकणावर. आज प्रयोगशाळांत लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवून त्यावर याची पैदास करतात आणि बागांत सोडतात.

पण येथेंहि ओळखीचा प्रश्न आहेच. या ढालकिड्याच्या अळीच्या अंगावरहि पांढरे मेणकट तंतु असतात. अजाण डोळ्याला ती पिठ्या ढेकूणच वाटते, आणि पैसे देऊन आणलेला मित्र शत्रु समजून चिरडला जातो!

ओळख चुकली तर केवढा अनर्थ होतो याचें उदाहरण आफ्रिकेचें आहे. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, तो कसावा तेथें कोट्यवधि लोकांचें मुख्य अन्न. १९७० नंतरच्या दशकांत त्यावर एक परका पिठ्या ढेकूण आला. १९७७ मध्यें त्याचें वर्णन झालें. त्याचे नैसर्गिक शत्रु मिळावेत म्हणून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांत शोध झाला. तेथें सांपडलेल्या ढेकणाचे शत्रु आफ्रिकेंतील ढेकणाला शिवेनात. अखेर कळलें कीं ती दिसायला सारखी, पण निराळीच जाति होती! खरी जाति १९८१ मध्यें पॅराग्वेंत मिळाली, आणि तिच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी त्याच वर्षीं नायजेरियांत सोडण्यांत आली. पुढें तिनें अनेक देशांतील पीक सांवरलें.

ढालकिड्यांच्या जगांत सहा हजारांच्या आसपास जाति नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या देशांत डॉ. जे. पूरणी यांनीं २००२ मध्यें, पानें खाणारा गट वगळून, भारतीय उपखंडांतील जातींची यादी प्रसिद्ध केली आणि कित्येक नव्या जातींचें वर्णनहि केलें. हें काम संपलेलें नाहीं. आंबेगांवच्या पश्चिमेस भीमाशंकरचें रान आहे, आहुप्याची देवराई आहे. शेतजमिनीच्या मधोमध उरलेलीं अशीं रानें समुद्रांतील बेटांसारखींच असतात. बेटावरील जीव एकदां गेला कीं दुसरीकडून आणतां येत नाहीं. ज्या किड्याला अद्याप नांव नाहीं, तो नाहींसा झाला तरी त्याची नोंद कोण करणार? आणि उद्यांच्या एखाद्या रोगट मळ्याला नेमका तोच हवा असला तर?

शहरांतील गृहस्थ म्हणतील, आम्हीं यांत काय करावें? आपल्या परसांतल्या जास्वंदीवर जो पांढरा कापूस धरतो, तो पुष्कळदां द्राक्षावरचाच पिठ्या ढेकूण असतो. त्यावर औषध मारण्यापूर्वी घरांतील मुलांना घेऊन भिंगांतून पाहावें. त्या कापसांतून एखादी पांढरी अळी लगबगीनें चालत असेल, तर तिला राहूं द्यावें. ती आपलें काम करीत आहे. मुंग्यांची रांग मात्र तोडावी, कारण गोड द्रवासाठीं त्या ढेकणाची राखण करतात. एवढें पाहण्याची संवय ज्या घरांत लागेल, त्या घरांतून उद्यां एखादा किड्यांना नांव देणाराहि निघेल.