हाडांच्या दुखण्यात मोठा स्कॅन : आधी मंजुरी, मग मशीन



कृषी विस्तार अधिकारी आज बोंडअळी सोडून एमआरआयवर का बोलतो आहे, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आष्टी तालुक्यात कोणी संत्र्याच्या झाडावरून पडला, कोणाला बैलाने मारलं, कोणाचा ट्रॅक्टर बांधावरून उलटला, की घरचं माणूस आधी आमच्या कचेरीत येतं. "साहेब, दवाखान्यात मोठा फोटो काढा म्हनते. मुंडे योजनेतून त्याचे पैसे भेटतीन का?"

तर पहिल्यांदा हा घोळ काढून टाकू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आमच्या खात्याकडे आहे, हे खरं. पण ती उपचाराचा खर्च देत नाही. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख, असं तिचं अनुदान आहे. स्कॅन, ऑपरेशन, औषधं यांचा तिच्याशी संबंध नाही. त्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २१ नोव्हेंबर २०१३ पासून, म्हणजे ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने चालत होती तेव्हापासून, ती आपल्या वर्धा जिल्ह्यात लागू आहे. आता केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडलेली आहे आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझे काकाजी आंबिया बहाराच्या तोडीत शिडीवरून घसरले. उठून बसले, चालले, दोन दिवस कामही केलं. मग उजवा पाय गुडघ्यापासून खाली बधिर व्हायला लागला. कोणी नातेवाईक म्हणाला, गुडघ्याचा एमआरआय काढून घ्या, म्हणजे डॉक्टरकडे वेळ जाणार नाही. मुलगा त्यांना घेऊन शहरातल्या एका केंद्रात गेला. साडेसहा हजार रुपये भरले. हे पैसे हरभऱ्याच्या बियाण्यासाठी ठेवले होते.

तो फोटो घेऊन ते योजनेतल्या रुग्णालयात गेले. हाडांच्या डॉक्टरांनी काकाजींना निजवलं, पाय सरळ वर उचलला, अंगठा वाकवायला सांगितला, टाचणीने कुठे टोचतं ते विचारलं. पाच मिनिटांत म्हणाले, दुखणं गुडघ्यात नाही, कमरेच्या मणक्यात आहे, तिथे शीर दबली आहे. कमरेचा एमआरआय पुन्हा काढावा लागला. तो भरती करून, मंजुरी घेऊन, योजनेतून झाला. ऑपरेशनही झालं. काकाजी आज चालतात. पण साडेसहा हजार गेले ते गेलेच. ही योजना बिनरोखीची आहे. आपण बाहेर भरलेली पावती नंतर दाखवून पैसे मागता येत नाहीत. मी स्वतः अधिकारी असून मला हे त्या दिवशी ठाऊक नव्हतं, हेही कबूल करतो.

तेव्हा ध्यानात ठेवा. ही योजना फोटोचे पैसे देत नाही, ठरवून दिलेल्या उपचाराचे देते. त्या उपचारात तपासण्या, औषधं, ऑपरेशन, रुग्णाचं जेवण असं सगळं धरलेलं असतं. भरती न होता नुसता स्कॅन काढून घरी यायचं असेल, तर ते योजनेत बसत नाही. म्हणून आधी योजनेतलं रुग्णालय गाठायचं. दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवून नोंद करायची, मग डॉक्टर तपासतील. उपचार योजनेत बसत असला, तर रुग्णालयच संगणकावरून मंजुरी मागतं. तुम्हाला कोणाकडे अर्ज घेऊन फिरायचं नाही.

ही मंजुरी देणारा डॉक्टर तुम्हाला पाहत नाही, फक्त कागद पाहतो. साधं हाड मोडलं असेल तर एक्स-रे पुरतो. एमआरआय महाग म्हणून जास्त चांगला, असं काही नाही. पण शीर दबली असेल, मणक्यातली गादी सरकली असेल, गुडघ्यातला दोर तुटला असेल, तर ते एक्स-रेत दिसत नाही. तिथे एमआरआय का हवा, हे कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. आणि डॉक्टर ते लिहिणार तुमच्या सांगण्यावरून.

आपली माणसं काय सांगतात? "कंबर दुखते जी." एवढंच. यावर कोण मंजुरी देईल? कोणत्या दिवशी पडलो, किती उंचीवरून, कळ कोणत्या पायात आणि कुठपर्यंत जाते, किती पावलं चालल्यावर थांबावं लागतं, कोणत्या डॉक्टरच्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे सगळं सांगा. जुन्या चिठ्ठ्या आणि एक्स-रे फेकू नका, पिशवीत घालून न्या. आणि एक गोष्ट, बैलाने मारलं असेल तर बैलानेच मारलं असंच सांगा. कुठल्या तरी योजनेत बसेल म्हणून गाडीचा अपघात सांगितला, की पुढे एक कागद एक बोलतो आणि दुसरा दुसरं, आणि दोन्हीकडून अडकतं.

कधी मंजुरीऐवजी वरून प्रश्न येतो. त्याला तिथे क्वेरी म्हणतात. एखादा अहवाल दिसत नाही, एखादी सही नाही, असं काही असतं. हा नकार नव्हे. पण लोक नकार समजून पेशंटला घरी घेऊन येतात. रोज सकाळी आरोग्यमित्राला विचारा, "क्वेरी आली का? उत्तर गेलं का?" खरंच नकार आला, तर कारण लेखी मागा आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे तक्रार करा.

एक अपवाद मात्र आहे. पडल्यावर दोन्ही पाय लुळे पडले, लघवी-शौचाचा ताबा गेला, बसायच्या जागेची जाणीव गेली, किंवा मोडलेलं हाड बाहेर आलं, तर कागद शोधत बसू नका. माणसाला फळीवर सरळ निजवा, १०८ ला फोन करा. अशा वेळी रुग्णालय फोनवरून तातडीची मंजुरी घेऊ शकतं, कार्ड मागाहून आणता येतं.

काही घरांत मुलाने कंपनीचा मेडिक्लेम काढलेला असतो. तिथेही तोच नियम. केवळ तपासणीसाठी भरती झालात तर विमा कंपनी पैसे देत नाही, पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं. भरती उपचारासाठी असावी लागते. रुग्णालयाने बिनरोखीची मंजुरी मागितली, तर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा मे २०२४ चा आदेश आहे. पॉलिसी नवी असेल, तर जुन्या सांधेदुखीला बहुधा थांबण्याची मुदत असते, अपघाताला नसते. म्हणून पडल्याची तारीख तिथेही महत्त्वाची.

विमा म्हणजे शहरातली गोष्ट असं मात्र समजू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या गावांसाठी ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीच्या वेळी शेतकरी ज्वारी द्यायचा, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि दुखणं आलं की त्यावर उपचार. आज ज्वारी मागत नाहीत, कागद मागतात, एवढाच फरक.

तर तो कागद दुखणं येण्याआधी नीट करा. रेशनकार्डावर 'गणपतराव' आणि आधारवर 'गणपत', सुनेचं नाव कार्डावर चढलेलंच नाही, हे घरोघरी आहे. पेशंट स्ट्रेचरवर असताना हे दुरुस्त होत नाही. पेरणी आटोपली आणि डवरणीला अवकाश असला, की एक दिवस तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. आयुष्मान कार्डही काढून घ्या.

ज्यांना लगेच ऑपरेशनची गरज नाही, नुसती तपासणी हवी आहे, त्यांनी आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पुढे कुठे पाठवायचं ते तिथले डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतील.

जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नंबर लिहून घ्या, १५५३८८. पुन्हा सांगतो, एक पाच पाच, तीन आठ आठ. घराच्या दारामागे, दुधाचा हिशेब लिहिता तिथेच लिहून ठेवा.