दगड टाकू नका, थांबा
(प्रभाग संघाच्या बैठकीतील मनोगत)

गोदावरी-कादवेच्या पाण्यावर बंधारा झाला, मागे गाळ साचला आणि नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. थंडीत पाहुणे कॅमेरे घेऊन येतात, आपल्या हातची भाकरी खातात.

परवा एक पाहुणे म्हणाले, “ताई, दगड टाका ना, उडताना फोटो हवाय.” मी नाही म्हटलं. चक्रवाक हिमालयापलीकडून येतो. इथं खाऊन अंगात साठवतो, तीच त्याची परतीची शिदोरी. उगाच उडवलं की ती सरते.

पाहुण्यांना सांगा, मातकट कपडे घाला, गप्प बसा. पक्षी आपणहून जवळ येतो. फोटो हुकला तर पाहुणा पुन्हा येईल. पक्ष्यांनीच जागा सोडली तर आपल्याकडं जेवायला कोण येणार?