साथीचा धडा विसरू नये
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सन २०२० च्या महामारीने मंदिरे, शाळा आणि मंगल कार्यालये बंद पाडली. त्या वर्षी १ जुलैला आषाढी एकादशी आली, तेव्हा पंढरीची वाट ओस होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसविता आरोग्योत्सव केला, रक्तदान घडविले. यामुळे भक्ती उणावली, असे कोण म्हणेल?

आपल्या घरीही तेच घडले. विवाहास प्रथम ५० माणसांची, पुढे एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसांची व दोन तासांची मर्यादा सरकारने घातली. अक्षता त्याच, मंगलाष्टके तीच, सप्तपदीही तीच! कित्येक वधूपित्यांच्या डोक्यावरचे कर्ज मात्र टळले.

निर्बंध उठताच आपण पुन्हा मानपान, आहेर आणि हजार पानांच्या पंगती यांकडे वळलो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कन्येच्या विवाहापायी दोन एकर जमीन गहाण ठेवली. त्या पंगतीत मीही जेवलो, याची मला लाज वाटते.

जे सरकारच्या धाकाने साधले, ते आपण स्वेच्छेने का साधू नये? ५० पानांत कार्य उरकणाऱ्या घराचा मंडळाने जाहीर सत्कार करावा, एवढीच माझी नम्र सूचना आहे. प्रारंभ माझ्या नातीच्या विवाहापासून होईल, असे वचन देऊन मी आपली रजा घेतो.