जरा मोठ्यानं वाचा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'अलीकडे वाचलेलं काही'. विषय मीच दिला होता. फोनवर ऐनवेळी दुसरा सुचला नाही. आता व्यासपीठावर आल्यावर सांगायला हरकत नाही की तो नुसता निमित्ताला आहे. मला तुमच्या गळी एकच गोष्ट उतरवायची आहे. पुस्तक मोठ्यानं वाचल्याशिवाय ते वाचलं असं म्हणू नये. कथा असो, कविता असो, ललित असो. सगळं नाही जमलं तर चार पानं, पण स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या कानाला ऐकू जातील अशी. (मागून आवाज : "माईक जवळ घ्या!") बघा. इथंच सिद्ध झालं. (हशा)

मी समीक्षक नाही. उमर हिशेब तपासण्यात गेली. संगणक यायच्या आधी ताळा जमला नाही की आम्ही काय करायचो? एकानं खतावणी हातात घेऊन आकडे बोलायचे, दुसऱ्यानं समोरच्या वहीत टिक मारायची. डोळ्यांनी कितीदाही बघून न सापडलेला फरक कानाला पहिल्या फेरीत सापडायचा. डोळा मोठा सोयीस्कर असतो, जे दिसायला हवं तेच बघतो आणि पुढं सरकतो. कंटाळवाणा परिच्छेद आला की डोळा त्यावरून टांग टाकून जातो. तोंडाला तसं करता येत नाही, प्रत्येक शब्दाचं भाडं भरावं लागतं.

आता मराठी वाङ्मय मुळात कानातून आलं, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल. कीर्तनं, पोथ्या, जात्यावरच्या ओव्या, बहिणाबाई, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. सोडून देतो. एक गोष्ट मात्र परदेशातली सांगतो, कारण ती मला फार आवडते. चौथ्या शतकाच्या शेवटी मिलान शहरात अँब्रोझ नावाचा बिशप होता. त्याला भेटायला गेलेल्या ऑगस्टिननं पुढं आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय की हा गृहस्थ वाचताना नुसते डोळे पानावरून फिरवतो, तोंडातून आवाज काढत नाही. याची त्याला नोंद करावीशी वाटली! आणि तो कारणंही शोधतो. एक म्हणजे, बिचाऱ्याचा घसा लवकर बसत असेल. दुसरं कारण जास्त मजेचं आहे. मोठ्यानं वाचलं की शेजारी बसलेला ऐकणार, मध्येच शंका विचारणार, मग समजावून सांगत बसावं लागणार. अँब्रोझ ते टाळत असावा. मला हे कारण शंभर टक्के पटतं. माझ्या घरी आत्या आहे. (हशा)

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब, वर काळा चष्मा, वाचायला बंदी. आयुष्यभर वाचनालयाची पुस्तकं फस्त केलेली बाई, दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांवर खेकसायला लागली. शेवटी मी म्हटलं, मी वाचतो, तू ऐक. माझ्या या सगळ्या मताचा उगम तिथला आहे, त्यामुळं पटलं नाही तर तक्रार तिच्याकडं करा.

पहिलं पुस्तक घेतलं ते कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही कादंबरी. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून आणली होती आणि मी ती मनातल्या मनात एकदा वाचूनही टाकली होती. धरणामुळं गाव उठतं, माणसं दुसरीकडं वसवली जातात, एक म्हैस मागं रानात राहते आणि देवाप्पा तिला आणायला परत जातो. मधल्या काळात म्हैस रानटी झालेली आहे. माझं मत तेव्हा झालं होतं ते असं : विस्थापनाचा प्रश्न प्रभावीपणे मांडला आहे. हे असलं वाक्य मी चहा पिता पिता कुणालाही ऐकवत होतो. तुम्हीही ऐकवलं असेल, पुस्तकाचं नाव बदलून. (हशा)

आत्यासमोर तीच पानं वाचायला लागलो आणि प्रश्नबिश्न कुठं राहिला नाही. कोल्हापूरकडची ती बोली डोळ्यांना जरा खडबडीत लागते, म्हणून डोळे ती गुळगुळीत करून घेतात. तोंडानं वाचताना तिचा ठेका सापडतो. वाक्य कुठं तुटतं, कुठं घुटमळतं, कुठं माणूस बोलायचं टाळून दुसरंच बोलतो, ते कळतं. माणूस आणि म्हैस एकमेकांचा अंदाज घेत फिरतात, तेव्हा वाचणाऱ्याला दम खायला जागा मिळत नाही. मला तर पाणी प्यावं लागलं. विस्थापन म्हणजे काय हे मला तिथं, धाप लागल्यावर कळलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीशीच.

आणि आत्या! आमचं मूळ राधानगरीच्या बाजूचं. म्हैस या विषयावर ती अधिकारी व्यक्ती. ती मला मध्येच थांबवायची. "थांब. ती अशी वळली का? मग तिच्या पोटात काहीतरी आहे." मग तिची स्वतःची म्हैस निघाली. तिच्या लहानपणी गोठ्यात एक म्हैस होती, ती फक्त आजीला धार काढू द्यायची. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची. एकदा आजी तापानं पडली. घरातल्या पुरुषांनी आंबोण घालून बघितलं, रेडकू लावून बघितलं, शिव्या घालून बघितल्या. म्हैस ढिम्म. शेवटी कुणीतरी आजीचं लुगडं नेसून बसलं. कोण, ते आत्या तोवर सांगत नव्हती. त्या संध्याकाळी सांगितलं. माझे वडील! (हशा, टाळ्या) घरात ज्यांच्यासमोर आम्ही मान वर करून बोललो नाही ते गृहस्थ, मिशीसकट, डोक्यावर पदर घेऊन, मांडीत चरवी धरून बसलेले. आणि म्हशीनं पान्हा सोडला का? तर नाही. तिनं लाथ घातली, चरवी गोठ्याबाहेर. पण आवाज ऐकून आजी तापातून उठली आणि...

(या वेळी शेजारच्या रस्त्यावरून लग्नाची वरात गेल्यामुळे व्याख्यान काही वेळ थांबले.)

वैशाखात व्याख्यानमाला ठेवली की हे होणारच. मी तक्रार करणार नाही. मोठ्यानं करा, असं मीच म्हणतोय. (हशा) कुठं होतो मी? म्हैस. असू दे, म्हशीचं बरंच झालं. सांगायचं एवढंच की त्या दिवशी 'रिंगाण'ची दोनच पानं झाली आणि ती दोन पानं माझ्या अख्ख्या मूकवाचनाला भारी पडली. पुस्तक मोठ्यानं वाचलं की त्यात ऐकणाऱ्याचा गोठा पण उघडतो.

ललितगद्याकडं येतो. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं. दुर्गाबाई म्हटलं की कराड, १९७५, आणीबाणी, ते साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. ते सांगत बसत नाही, यावर इथं दुसऱ्या वक्त्याचं व्याख्यान होऊन गेलंय. या पुस्तकात महिन्यागणिक एक लेख आहे. आम्ही नियम केला की ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा. आत्याला हे व्रतासारखं वाटलं, त्यामुळं पाळलं गेलं. हे पुस्तक मला तरुणपणी, खरं सांगतो, गोड वाटलं होतं. निसर्ग, पानं, फुलं, सुंदर भाषा. परीक्षेत असतं तसं. मोठ्यानं वाचताना लक्षात आलं की ही बाई गोडगोड काही लिहीत नाही, ती साक्ष देते आहे. अमुक झाड, त्याचा अमुक रंग, तो अमुक दिवसांत असा पालटतो. अंदाजपंचे नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाची नजर त्यात आहे. वाक्य लांब असलं तरी श्वास मध्ये अडकत नाही, कारण बघण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम एकच आहे. अलीकडची निसर्गावरची काही ललितं मी याच परीक्षेला बसवली. नावं घेत नाही, त्यांतले एकजण माझ्या ओळखीचे आहेत. (हशा) तिसऱ्या वाक्याला माझी जीभ अडखळली. विशेषणं एवढी की झाड सापडेना. आत्या म्हणाली, "याला झाड दिसलंय की नुसतं वाटलंय?" मराठी समीक्षेत मला याच्या तोडीचा प्रश्न अलीकडे आढळलेला नाही.

आता कविता. इथं मला माहीत आहे, पहिल्या रांगेतले काही चेहरे केव्हाचे सरसावून बसलेत. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' मी गेल्या हिवाळ्यात घेतली. २००३ साली ती आली, पुढच्याच वर्षी कोलटकर गेले, अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मागाहून. देशोदेशींच्या, कुठल्याकुठल्या काळातल्या रडणाऱ्या बायका त्यात आहेत. जाडजूड पुस्तक, ओळी मात्र लहान. मी विचार केला, आत्याला हायपेशिया आणि कॅसँड्रा कुठं समजावत बसू? अँब्रोझसारखं मुकाट वाचावं. पण तिनं ऐकलं नाही. आणि यमक नाही, वृत्त नाही, तरी ती कविता कानावर बसते. शेजारणीनं दाराशी उभं राहून सांगावी तशी बोलते. (पहिल्या रांगेतून : "कोलटकर चित्रकार होते, जाहिरातीत होते. त्यांची कविता पानावर बघायची असते.") हो, माहीत आहे. ते चित्रकार होते, मान्य. पण ते पखवाजही शिकले होते, हे आपण विसरताय. (टाळ्या) नाही, टाळ्या नको, साहेबांचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. पानावरची मोकळी जागा दिसते, बरोबर. पण ती किती वेळाची आहे, हे गप्प राहून मोजल्याशिवाय कळत नाही. आणि गप्प राहायला आधी बोलत असावं लागतं.

'भिजकी वही'तच नादेझ्दा आहे. ओसिप मांदेलश्ताम हा रशियन कवी १९३८ साली स्टालिनच्या छावणीत मेला. कविता घरात कागदावर ठेवणं म्हणजे मरण. म्हणून त्याच्या बायकोनं, नादेझ्दानं, त्या पाठ करून ठेवल्या. वर्षानुवर्षं. गावं बदलत, नोकऱ्या बदलत, मनाशी म्हणत राहिली. पुढं त्या छापल्या गेल्या. हे मी आत्याला सांगितलं, आणि जरा भारावूनच सांगितलं, कारण माझ्या मताला याच्याहून मोठा साक्षीदार कुठला? कागद गेला तरी तोंडात कविता राहिली! आत्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्याच्या कविता हिनं पाठ केल्या. हिचं एखादं पान त्यानं केलं असतं का?" (हशा, महिलावर्गातून जोरदार टाळ्या) यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नादेझ्दानं स्वतःच्या आठवणी लिहिल्या, आणि त्या आज जगभर वाचल्या जातात, एवढंच मी म्हणालो. "मग त्या आण," ती म्हणाली. अजून मराठीत मला मिळालेल्या नाहीत. कुणाकडं असतील तर द्या.

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' आणि खाली कुणीतरी लिहिलंय, 'मग ऑडिओबुक ऐकलं तर चालेल का?' एकाच कागदावर दोन्ही. काटकसर आहे. (हशा) चालेल, म्हणजे माझी हरकत नाही. डोळ्यांनी अधू माणसाला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला, गाडी चालवणाऱ्याला ते वरदानच आहे. पण माझा मुद्दा ऐकण्याचा नाही हो. वाचण्याचा आहे. तिथं कसलेला नट तुमच्या वतीनं थांबतो, तुमच्या वतीनं गहिवरतो. कुठं थांबायचं हा निर्णय तुमचा राहत नाही, आणि मी म्हणतो की वाचन म्हणजे तेवढाच निर्णय. आणि शेजारी झोपलेत, मुलांचा अभ्यास आहे, हे मला सांगू नका. पुटपुटा! पुटपुटायला कोण अडवतंय?

कथा राहिली. जी. ए. कुलकर्णी. वेळ नाही, पण हे सांगितलं नाही तर माझ्याच हिशेबात खोट राहील. 'पिंगळावेळ'मधली 'कैरी' वाचली. तो पोरका मुलगा, ती तानीमावशी. आत्यानं एकदाही थांबवलं नाही. म्हैस नाही, आजी नाही, शंका नाही. संपल्यावर उठून आत गेली. म्हटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी उत्साहानं 'काजळमाया' काढली, 'विदूषक' लावली. राजा, दरबार, ते एकमेकांवर पेच टाकणारे संवाद. मी चांगली वाचत होतो, आवाज लावून. तिसऱ्या-चौथ्या पानाला आत्या म्हणाली, "हे तू मनात वाच. मी डोळे बरे झाले की वाचीन." मी म्हटलं, का? म्हणाली, "यात दोघांना जागा नाही."

आता पहिल्या रांगेतले साहेब खूश झालेत, दिसतंय मला. पण मी हार मानलेली नाही. माझं म्हणणं असं की ती कथा मोठ्यानं वाचली म्हणूनच तिला हे कळलं. मुकाट वाचली असती तर कळलं नसतं. आत्याला हे मान्य नाही. तिचे डोळे आता बरे झालेत, 'काजळमाया' तिच्या उशाशी आहे आणि खोलीचं दार ती लावून घेते. मी बाहेरून कान देऊन बघितलं, काही ऐकू येत नाही... हो, हो, अध्यक्ष उठले, थांबतो. तेवढं त्या नादेझ्दाच्या पुस्तकाचं बघा कुणीतरी.