पुन्हां पाहिलेला ‘डबल इन्डेम्निटी’

रहस्य एकदां उलगडलें म्हणजे रहस्यपट पुन्हां पाहण्यांत काय स्वारस्य उरतें, असें पुष्कळांस वाटतें. बिली वाइल्डर यांचा १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’ ही समजूत खोटी ठरवितो. त्यांत खुनी कोण हें शोधावेंच लागत नाहीं. विमा कंपनीचा विक्रेता वॉल्टर नेफ जखमी अवस्थेंत रात्रीं कचेरींत येतो आणि ध्वनिलेखन-यंत्रापुढें आरंभींच गुन्हा कबूल करतो. फिलिस नामक स्त्रीच्या नादीं लागून त्यानें तिच्या पतीचा, त्यास नकळत, विमा उतरविला, त्याचा खून केला आणि तो आगगाडींतून पडून मेला असें भासविलें. कारण तसल्या अपघातास दुप्पट रक्कम मिळावयाची होती.

प्रथम पाहणारा प्रेक्षक या कटांत आणि बार्बरा स्टॅनविकच्या थंड नजरेंत गुंतून पडतो. जुना रसिक मात्र एका क्षुल्लक गोष्टीकडे लक्ष ठेवतो. दाव्यांची छाननी करणारा कीज, म्हणजे एडवर्ड रॉबिन्सन, सिगार तोंडांत धरून काडी शोधीत असतो आणि नेफ ती अंगठ्याच्या नखानें पेटवून देतो. अखेरीस दाराशीं कोसळलेल्या नेफची सिगारेट कीज पेटवितो. ज्यास फसविलें, त्याच्याच हातून ही शेवटची माया!

विषारी वायूच्या कोठडींतील देहान्ताचा प्रसंगही वाइल्डर यांनीं चित्रित केला होता. पुढें तो गाळला. तें योग्यच झालें. लोभापायीं पैसा हातीं लागत नाहीं हें पहिल्या खेपेस दिसतें. जिवाभावाचा मित्रही गेला, हें ध्यानीं येण्यास चित्रपट पुन्हां पाहावा लागतो.